तिसऱ्या दिवशी पट्टी उघडायची

टाचवाल्या सिस्टरांना कोणी खऱ्या नावाने हाक मारली, तर त्या वळून बघतील याची खात्री नाही. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या ड्रेसिंग रूममध्ये त्या सव्वीस वर्षं उभ्या आहेत. उभ्याच म्हणायचं. खोलीत एक स्टूल आहे, पण ते पेशंटचा पाय ठेवायला. त्यावर टेकायचं धाडस एकदा एका नव्या डॉक्टरांनी केलं होतं. "उठा, ते कामाचं आहे," एवढंच सिस्टर म्हणाल्या, आणि डॉक्टर उठले.

खोलीला खिडकी एकच, आणि ती उघडते सायकल स्टँडवर. ही सोय कोणी मुद्दाम केलेली नाही. पण सायकलवरून पडलेलं माणूस आधी खिडकीतून दिसतं आणि मग दारातून येतं, तोवर सिस्टरांचा निम्मा विचार झालेला असतो. कोपर फुंकत येणारा साधा, त्याला साबणपाणी. मनगट दुसऱ्या हाताने सांभाळत येणारा एक्स-रेला. खांदा पाडून, हात छातीशी धरून येणारा थेट वरच्या मजल्यावर, प्लास्टर रूमला. आणि "पोटात हँडल बसलं होतं, पण आता काही दुखत नाही हो," असं हसत सांगणाऱ्याला त्या खुर्चीसुद्धा दाखवत नाहीत, दंडाला धरून सर्जनपुढे नेऊन उभं करतात. न दुखणारं पोट फार आतल्या गाठीचं असतं, असं त्यांचं मत आहे, आणि ते दोनदा खरं ठरलंय.

राहिल्या टाचा. टाचा सिस्टरांच्या.

मूल कॅरिअरवर बसतं, पाय लोंबकळत असतात, त्याला डुलकी लागते किंवा भिंतीवर मांजर दिसतं, आणि पाऊल मागच्या चाकात जातं. दाराच्या फटीत बोट चेंगरावं तशी टाच स्पोक आणि फ्रेमच्या मध्ये चेंगरते. जखम दिसायला फारशी नसते, आणि तिथेच सगळे फसतात. चार टाके, एक पट्टी, चोखायला एक गोळी, की मूल घरी. पण चेंगरलेली कातडी पहिल्या दिवशी तोंडदेखलं हसते. गुलाबी असते, गरम असते. आतलं रक्त कधीच थांबलंय हे तिसऱ्या दिवशी कळतं, ती काळी पडायला लागते तेव्हा. आणि तिच्याखाली असते टाचेची शीर, पोटरीपासून टाचेपर्यंत ताणलेली जाड दोरी. वरचं पांघरूण गेलं, शीर उघडी पडून सुकली, की पाऊल उचललं जातं पण जमिनीला रेटा देत नाही. मग माणूस जन्मभर एक पाय उशिरा टाकत चालतं.

म्हणून सिस्टरांचा कायदा एका ओळीचा आहे. तिसऱ्या दिवशी पट्टी उघडायची. कोरडी असो, स्वच्छ असो, मूल नाचत असो. उघडायची.

हा कायदा घरीही चालतो. शिंप्याकडून आलेला झगा, बदललेला नळ, डागडुजी केलेलं छप्पर, सगळ्याची तिसऱ्या दिवशी तपासणी. सिस्टरांचा नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला सावकाश माणूस. तो आल्यागेल्याला सांगतो, "लग्नाला तीन दिवस झाले तेव्हा हिने मला खिडकीशी उजेडात नेऊन नीट बघितलं. पास झालो म्हणून राहिलोय." सिस्टर म्हणतात, "पास कुठे? निरीक्षणाखाली ठेवलंय."

असले कायदे आपोआप होत नाहीत. ते आधी कोणाच्या तरी अंगावर उमटतात.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी सहा वर्षांची एक मुलगी आली होती. उजवी टाच. टाके डॉक्टरांनी घातले, बँडेज सिस्टरांनी बांधलं. त्या काळी त्यांना आपल्या बँडेजचा भारी गर्व होता, आणि तो खोटाही नव्हता. एकसारखे चढत गेलेले वेढे, कुठे सुरकुती नाही, गाठ दिसायची नाही. वॉर्डातल्या दोघीतिघी मुद्दाम बघून गेल्या. चौथ्या दिवशी आई मुलीला दाखवायला घेऊन आली, तर सिस्टरच म्हणाल्या, "किती छान राहिलंय! असू दे तसंच, आठव्या दिवशी टाके काढायलाच या." आठव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी तोंड फिरवलं. सिस्टरांना फिरवता आलं नाही, कात्री त्यांच्याच हातात होती.

ती मुलगी आता तीस वर्षांची आहे आणि त्याच हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसते. शिक्का असा हाणते की रांगेतली मुलं दचकतात, म्हणून सगळे तिला शिक्केवाली म्हणतात. तिला सिस्टरांनी चिकटवलं असं लोक समजतात. लोकांना काय, समजायला पैसे पडत नाहीत. ती परीक्षेत पहिली आली होती. कामाच्या पहिल्या दिवशी ड्रेसिंग रूमच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "ओळखलंत का?"

"चालताना ऐकलं तेव्हाच," सिस्टर म्हणाल्या.

त्यावर दोघी गळ्यात पडून रडल्या वगैरे काही नाही. शिक्केवालीने विचारलं, "आता टाचा आल्या की काय करता?" सिस्टरांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून चाकात गेलेल्या प्रत्येक पायाच्या केसपेपरवर ती कोपऱ्यात लाल पेनने ठसठशीत तीनचा आकडा काढायला लागली. तिसऱ्या दिवशी तो कागद परत खिडकीवर आला नाही, की ती उठते, चालत ड्रेसिंग रूमपर्यंत येते आणि सांगते. ही रीत अकरा वर्षं चालली आहे. कुठल्या नियमावलीत ती सापडायची नाही.

तर एका सोमवारी टिंगी आली.

टिंगी सात वर्षांची, खिडकीतून दिसली ती आजोबांच्या हातांवर आडवी. आजोबा सायकल मिस्त्री. पाण्याच्या टाकीमागे त्यांचं दुकान. हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे, आणि त्या काळ्या हातांमध्ये फिकट पडलेली पोर. डाव्या पावलाला ओला फडका.

"किती वेळ झाला?" सिस्टरांनी विचारलं.

"पंधरा मिनिटं. वरून स्वच्छ पाणी सोडलं. बाकी काही नाही."

"तेल, राख, टूथपेस्ट?"

"सिस्टर, मी मिस्त्री आहे, वेडा नाही."

"दोन्ही असणारे खूप येतात. पाय ओढून काढलात का?"

"छे! ओढतंय कोण? कटरने तीन स्पोक तोडले, मग काढला."

"शाबास," सिस्टर म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून वर्षातून दोनदा येतो. "आणि मागे जाळी नव्हती चाकाला?"

मिस्त्री पावलावरचा फडका नीट करायला लागले. टिंगीचं रडणं ओसरत आलं होतं, तिला आता बोलायला सुचत होतं. "होती. आजोबांनी काढली. खडखडायची म्हणून."

मिस्त्रींच्या कानाची सगळ्या गल्लीत ख्याती आहे. कोपऱ्यावर सायकल वळली की ते दुकानातून मान वर न करता सांगतात, "पेडल सैल आहे, चेनला तेल नाही, आणि घंटीची वाटी उलटी बसवलीय." असल्या माणसाची स्वतःची सायकल खडखडणं म्हणजे डॉक्टरने स्वतः खोकत पेशंट तपासणं. चाकाच्या दोन्ही बाजूंना असते ती तारेची जाळी कितीही आवळली तरी थोडी वाजतेच. दुसऱ्या कोणी ती वाजू दिली असती. मिस्त्रींनी दोन महिने सहन केली आणि मग पाना घेऊन काढून टाकली. इतका चांगला कान नसता तर हे झालंच नसतं, हे त्यांना कळत होतं, आणि ते कळणं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

हाड शाबूत निघालं. तरुण डॉक्टरांनी टाके सैलसर घातले, मागून प्लास्टरची पट्टी दिली. सिस्टरांनी बँडेज बांधलं. हल्ली त्या मुद्दाम साधं बांधतात, गाठ वर, कोणालाही सुटेल अशी.

"पाय उशीवर उंच ठेवायचा. ताप आला, वास आला, बोटं निळी दिसली, तर त्याच मिनिटाला यायचं. आणि काही झालं नाही तरी गुरुवारी आणायचं."

"आणतो."

"गुरुवारी."

"हो हो, गुरुवारी." मिस्त्रींनी मान डोलावली.

मान डोलावणारी माणसं सिस्टरांना आवडत नाहीत. वाद घालणारा निदान ऐकत असतो. मान डोलावणारा फक्त तुमचं संपायची वाट बघत असतो.

गुरुवारी टिंगी आली नाही. पाच वाजता शिक्केवाली दारात. "तुमचा तीन आला नाही."

शुक्रवारी सकाळी सिस्टरांनी फोन लावला. मागे हवेचा पंप फुसफुसत होता.

"मिस्त्री, काल काय झालं?"

"काही नाही हो सिस्टर, एकदम फर्स्ट क्लास! कोरडं ठणठणीत. पोरगी हूं की चूं करत नाही."

"मी कोरडं आहे का विचारलंच नाही. आणलं का नाहीत?"

"आणतो ना. उद्या आणतो. अहो, हवा भरतोय, ठेवतो." आणि ठेवलाच.

शनिवारी एक वाजेपर्यंत सिस्टरांनी खिडकीकडे इतक्यांदा बघितलं की ड्रेसिंगला बसलेल्या एका पोस्टमनने विचारलं, "कोणी येणार आहे का तुमचं?" एकाला पाच मिनिटं असताना शिक्केवाली आली. खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी टांगून आली होती.

"टाकीमागे म्हणजे दोन गल्ल्या," ती म्हणाली. "माझा डबा झालाय."

"माझा राहू दे," सिस्टर म्हणाल्या आणि पर्समध्ये थर्मामीटर टाकला.

पेशंटच्या घरी जाऊन त्याला धरून आणणं हे सिस्टरांचं काम नव्हे. वरिष्ठांना कळलं असतं तर दोन शब्द ऐकावे लागले असते. पण दोन शब्द ऐकायची सिस्टरांना सवय होती आणि चार सुनवायचीही.

दुकान म्हणजे तीन बाजूंना भिंती आणि चौथ्या बाजूला रस्ता. वर टायर टांगलेले, भिंतीवर पाने आकाराप्रमाणे ओळीत, लहानापासून मोठ्यापर्यंत, मध्ये एकही जागा रिकामी नाही. रबर सोल्यूशनचा वास. पंक्चर तपासायची पाण्याची पाटी. मिस्त्री एक चाक स्टँडवर लावून त्याचा आउट काढत होते, म्हणजे वाकडं फिरणारं चाक एकेक स्पोक आवळत सरळ करत होते. पलीकडे खुर्चीत टिंगी, पाय उलट्या खोक्यावर, मांडीवर बेअरिंगच्या छर्‍यांची वाटी. आणि कोपऱ्यात भिंतीला टेकलेली एक सायकल, मागच्या चाकात तीन स्पोक कमी. तिला कोणी हात लावला नव्हता.

"सिस्टर!" टिंगी ओरडली. "आजोबांनी ड्रेसिंगला काही लावलं नाही हं. ग्रीस लावू का विचारलं तर मलाच ओरडले."

मिस्त्री उठले. "बसा, बसा. चहा सांगू?"

"बसायला आले नाही. पट्टी उघडली का नाही, ते सांगा."

"सिस्टर, रागावू नका," मिस्त्री म्हणाले, आणि आता ते मान डोलावत नव्हते, बोलत होते. "माझी चाळीस वर्षं या कामात गेली. एक गोष्ट शिकलो. बसलेलं उघडायचं नाही. नीट बसलेला भाग बघू या म्हणून उघडला, की तो पुन्हा तसा बसत नाही. तुम्ही इतकं छान बांधून दिलंत. पोरगी शांत झोपते. उघडायचं, ती किंचाळणार, टाके हलणार. कशाला? आपणच खाज आणायची आणि आपणच खाजवायचं?"

"अस्सं. पंक्चर काढता ना? ठिगळ चिकटवलं, दाबलं, छान बसलं. मग ट्यूब पाण्यात कशाला बुडवता?"

मिस्त्रींनी पाटीकडे बघितलं. मग हसले. "ते वेगळं. तिथे बुडबुडे दिसतात."

"इथे वास येतो."

"ट्यूब रडत नाही, सिस्टर."

हे त्यांनी अगदी हळू म्हटलं. एवढ्यात शिक्केवाली, जी इतका वेळ रस्त्याच्या कडेला उभी होती, ती टिंगीकडे जायला निघाली. दुकानाची फरशी जुनी, पोकळ वाजणारी. टप्, मग जरा थांबून, टप. टप्, मग जरा थांबून, टप.

मिस्त्रींचं डोकं त्या आवाजाकडे असं वळलं, जसं कोपऱ्यावरच्या सायकलकडे वळतं.

"तुमचा उजवा पाय उशिरा पडतोय," ते म्हणाले. आणि मग, आपण काय बोललो ते ऐकू आल्यावर, "माफ करा हं, सवय आहे."

"बरोबर ओळखलंत," शिक्केवाली म्हणाली. "सहा वर्षांची होते. चाकात गेला."

"आणि?"

"आणि काही नाही. बँडेज फार छान बसलं होतं. कोणी उघडलं नाही."

मिस्त्रींनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "मी बांधलं होतं. बघता काय? मीच."

स्टँडवरचं चाक अजून फिरत होतं. मिस्त्रींनी ते हाताने थांबवलं. मग खोक्यापाशी गुडघे टेकून त्यांनी विचारलं, "वास... कसा असतो?"

सिस्टरांनी आधीच नाक पट्टीजवळ नेलं होतं. होता. पुसट, पण होता. थर्मामीटरने शंभराच्या वर एक दाखवला. बोटं गरम होती, ती हलत होती. एवढं बरं.

"उचला," सिस्टर म्हणाल्या.

"सायकलवर नाही बसायचं!" टिंगी किंचाळली.

"नाही गं बाई, सायकल नाही." मिस्त्री पाठमोरे खाली बसले, ती पाठुंगळी चढली. दुकान तसंच उघडं टाकून तो माणूस दोन गल्ल्या इतक्या वेगात गेला की सिस्टरांना पळावं लागलं. त्यांना पळताना हॉस्पिटलच्या लोकांनी प्रथमच बघितलं, आणि त्याच्या गोष्टी पुढे महिनाभर चालल्या.

पट्टी उघडली. टाचेच्या मागे, टाक्यांच्या वरच्या अंगाला, कोटाच्या बटणाएवढा काळा डाग. कडेने ओल.

तरुण डॉक्टर वाकून म्हणाले, "अजून दोन दिवस गेले असते ना, तर..."

"गेले नाहीत ना? मग कात्री घ्या."

मेलेली कातडी काढायची होती, सुईने जागा बधिर करून. पाय धरायला कोणीतरी हवं होतं. सिस्टरांनी मिस्त्रींना साबणाने तीनदा हात धुवायला लावले. काळेपणा गेला नाही, पण घाण गेली. "धरा. चाकाचा आउट काढताना रिम धरता ना, तसं. दाबायचं नाही, पण हलूही द्यायचं नाही." मिस्त्रींनी धरलं. टिंगीने सुईच्या वेळी आकाशपाताळ एक केलं. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र दगडासारखे स्थिर होते.

डाग निघाला. खाली शीर होती, वर तिचं पातळ आवरण, अजून ओलं, अजून चमकणारं.

"हे टिकलं तर पोर धावेल," सिस्टरांनी मिस्त्रींना स्पष्ट सांगितलं. खोटा धीर देणं त्यांना जमत नाही. "सुकलं तर नाही. आठवडाभरात कळेल. रोज यायचं."

तेवढ्यात टिंगीची आई आली. शिक्केवालीने तिला शिवणाच्या कारखान्यात फोन केला होता. गळ्यात मोजायची टेप तशीच. तिने टाच बघितली, मग वडिलांकडे बघितलं.

"बाबा, गुरुवारी नेलं होतं म्हणालात ना? 'छान आहे म्हणाल्या सिस्टर', असं म्हणालात ना तुम्ही?"

मिस्त्री आपल्या काळ्या हातांकडे बघत राहिले.

"बोला ना!"

"भांडण बाहेर," सिस्टर म्हणाल्या. "इथे टाच उघडी आहे. तू ये गं इकडे, हिचं डोकं धर."

पुढचा आठवडा. रोज सकाळी साडेआठला पाठीवर टिंगी घेऊन मिस्त्री दारात. आई दोन दिवस वडिलांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी 'मीठ द्या' एवढं बोलली. रविवारी ड्रेसिंग रूम बंद असते, तरी सिस्टर आल्या. नवरा म्हणाला, "मला तर रविवारी कधी तपासलं नाहीस." त्या म्हणाल्या, "तुमची टाच कुठे गेलीय चाकात?" रोज त्या ओली पट्टी काढायच्या, बघायच्या, काही न बोलता दुसरी ओली पट्टी ठेवायच्या. मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघायचे. त्यांना वाटायचं, आवाज असता तर आपल्याला कळलं असतं. इथे सगळं मुकं.

शुक्रवारी सिस्टरांनी पट्टी काढली आणि उजेड जवळ ओढला. शिरेच्या दोन्ही बाजूंनी, आवरणावरसुद्धा, लाल बारीक दाणे धरले होते.

"हे काय आलंय?" मिस्त्री घाबरले. "रक्त आहे का?"

"मांस आहे. नवं. लाल म्हणजे चांगलं." सिस्टरांनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "कातडी लावायची गरज नाही. कडेने भरून येईल."

मिस्त्री मटकन खाली बसले, ते नेमके त्या स्टुलावर. सिस्टरांनी बघितलं आणि पाच मिनिटं त्यांना बसू दिलं.

जखम भरायला पाच आठवडे लागले. सगळं गोड झालं असं नव्हे. टाचेवर वण राहिला, चकचकीत आणि ओढलेला. वर्षभर मागून मऊ असलेले बूट घालावे लागणार, तेल चोळावं लागणार, थंडीत ते खाजणार. आणि प्लास्टर निघाल्यावर टिंगी टाच टेकवेना. चवड्यावर टुणूक टुणूक चालायची.

"टेकव," सिस्टर म्हणायच्या.

"तुटेल."

"तुटली तर मी आहे ना. टेकव!"

हे आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी शिक्केवालीने जेवणाच्या सुट्टीत टिंगीला ओसरीवर उभं केलं. "माझ्याशी पैज लाव. एका पायावर उभं राहायचं, आणि त्याच पायाच्या चवड्यावर वर उठायचं. डाव्यावर मी उठून दाखवते." उठली. "आता उजव्यावर. बघ हं." तिने कठड्याला धरून जोर केला. टाच जमिनीवरून हलली नाही. "नाही जमत. माझी दोरी गेलीय. आता तू. तुझा डावा."

टिंगीने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या पायाकडे. स्पर्धा म्हटल्यावर ती घाबरायचं विसरली. तिने कठडा धरला, उजवा पाय उचलला, डावी टाच आधी पूर्ण टेकवली, कारण टेकवल्याशिवाय उठता येत नाही. आणि उठली. डुगडुगत, जीभ बाहेर काढून, पण उठली. वण ताणला गेला, पांढरा पडला, धरून राहिला.

"जिंकले!" टिंगी म्हणाली.

"जिंकलीस," शिक्केवाली म्हणाली. तिने लगबगीने जाऊन खिडकी उघडली आणि रांगेत कोणी नसताना दोन शिक्के उगाचच हाणले.

ड्रेसिंग रूमच्या दारात सिस्टर हात पुसत उभ्या होत्या. हात कधीच कोरडे झाले होते. त्या पुसतच राहिल्या.

शेवटची तपासणी महिन्यानंतर होती. त्या सकाळी सिस्टर कोणाच्या तरी गुडघ्यातली खडी चिमट्याने वेचत असताना खिडकीबाहेरून आवाज आला. खड खड खड खड. जुनी पत्र्याची पेटी कोणी फरपटत आणावी तसा. सिस्टरांनी मान बाहेर काढली.

मिस्त्री सायकल ढकलत येत होते. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना जाळी. कॅरिअरवर टिंगी, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून, पण बसलेली. शेजारून आई चालत होती आणि वडिलांशी काहीतरी बोलत होती, बहुधा टाकूनच, पण बोलत होती.

"रबर घालून बघितलं, वॉशर घातले," मिस्त्रींनी खालूनच कैफियत मांडली. लाजेने कान लाल झाले होते. "तरी वाजतेच. दुकानात लोक हसतात. हिला म्हटलं, अजून एकदा उघडून बघतो, तर ही म्हणते..."

"मी म्हटलं, वाजू दे," टिंगी म्हणाली. "वाजते म्हणजे आहे."

ती घसरत खाली उतरली आणि केसपेपरच्या खिडकीपुढून आत पळाली. शिक्केवालीने मान वर केली नाही. फक्त हातातला शिक्का थांबवून ऐकलं. टप टप टप टप. सगळे सारखे. मग तिने शिक्का मारला.

"केवढा गोंगाट करता हो, मिस्त्री!" सिस्टर खिडकीतून ओरडल्या. "हॉस्पिटल आहे हे!"

"मग काढू का जाळी?"

"हात तर लावून बघा!"